रत्नाताई दारूत होती

रत्नाताई,

आयुष्यभर तुला 'अहो ताई' म्हणत आले. वयाने तू माझ्याएवढीच, पण नवऱ्याची बहीण, म्हणजे मानाने मोठी. आज मात्र अगं-तुगं करणार आहे. आज मला तुझ्यावर चिडायचं आहे, आणि 'तुम्ही' म्हणत माणसावर धड चिडता येत नाही, हे मी इतकी वर्षं करून पाहिलं आहे. काल तुझ्या मागे करायचं पुण्यानुमोदन झालं. तिथे मी जे केलं ते तुला मुळीच आवडलेलं नसणार. ते शेवटी सांगते. आधी बाकीचं ऐकून घे. 'वहिनी, ड्यूटीला उशीर होतोय' म्हणून उठून जायची सोय आता तुला राहिलेली नाही.

तू गेलीस त्या दिवशी स्मशानातून परत येताना माझी मावशी गाडीत माझ्या शेजारी बसली होती. मिलिंदची आई. ज्या मिलिंदशी तुझं लग्न ठरलं आणि मोडलं, त्याची. तिने डोळ्यांना पदर लावला, नाक पुसलं आणि म्हणाली, "लिवर गेलं म्हनं तिचं. दारूनं. आपलं मोडलं तेच बरं झालं म्हनायचं, संगे." चितेची राखसुद्धा थंड झाली नव्हती. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण आत बघितलं असतं तर मावशीला चालत्या गाडीतून उतरवलं असतं.

संध्याकाळपर्यंत कर्वेनगरातल्या आपल्या सोसायटीत ही बातमी तिन्ही इमारतींत पोचली होती. एरवी पाणी येणार नाही ही सूचना पोचायला दोन दिवस लागतात. चेअरमनसाहेब भेटायला आले. तुझ्या भावाचा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाले की एकट्या बाईमाणसाचं अवघडच असतं, एकटेपणात नाही नाही त्या सवयी लागतात, त्यात तिचा दोष म्हणता येत नाही. केवढा समजूतदार माणूस! दादा नुसते मान हलवत होते. त्यांना काही ऐकूच येत नव्हतं त्या दिवशी. आणि मी आत स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. ज्या घरात तुमच्या बाबांनी धम्माची दीक्षा घेतल्यापासून दारूचा थेंब आला नाही, जिथे तू खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा उलटसुलट करून वाचायचीस, त्या घरात बसून हे गृहस्थ तुला माफ करत होते.

पण खरं सांगू? हा 'दारू' शब्द मुळात तुमचाच. नदीच्या बाजूच्या तुमच्या त्या कारखान्याला बाहेरचे लोक दारूगोळ्याचा कारखाना म्हणायचे, पण तुमच्या वसाहतीत एवढं लांबलचक कोण बोलणार? रिकाम्या गोळ्यांचं काम करणारे वेगळे आणि त्यात पूड भरणारे वेगळे. भरणारे ते 'दारूत'. अमका ऑफिसात आहे, तमकी दारूत आहे. पोरंसोरंही असंच बोलायची.

माझ्या लग्नाची बोलणी करायला तुमच्याकडचे मध्यस्थ लोणी काळभोरला आमच्या अंगणात आले, तेव्हाची गोष्ट तुला शंभरदा सांगितली असेल, तरी प्रत्येक वेळी तू नव्याने हसायचीस. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, विचारलं, घरची माणसं काय करतात. मध्यस्थ अभिमानाने म्हणाले, "पोराचा बाप जलमभर दारूत होता. आता तो थकला, तर पोरगी लागलीय दारूत. लई हुशार पोरगी." अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "पोरगा तेवढा सुटला म्हनायचा." त्या एका शब्दापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं. तेव्हा गंमत वाटली होती. हाच शब्द एक दिवस तुझ्या मयतावर येऊन बसेल असं कुणाला वाटलं असतं?

आपलं पहिलं भांडण झालं ते माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीवरून. आठवतं? मला हळद लावायची हौस होती. आमच्याकडे सगळ्या बौद्ध घरांतून लावायचे, धर्म म्हणून नाही, मजा म्हणून. तू आमच्या दारात उभी राहून सांगितलंस की तुमच्या घरात हळद लागत नाही, बाबांनी ते सगळं बंद केलंय. पांढरी साडी नेसून लग्नाला विहारात गेले, तोंड फुगवून. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू ड्यूटीवरून आलीस, चप्पल काढलीस, नळाखाली हात धुवायला लागलीस, आणि मी बघते तर कोपरापर्यंत पिवळे हात. कितीही साबण लावला तरी न जाणारे. तुझ्या उशीचे अभ्रे पिवळे, कपाळावरचे केस तांबूस. मी म्हटलं, ताई, ही कसली हळद? तू म्हणालीस, सरकारी.

वसाहतीतल्या बायका आईंना विचारायच्या, रत्नाचे हात कधी पिवळे करताय? तू आतून बाहेर यायचीस, दोन्ही पंजे त्यांच्या तोंडापुढे धरायचीस आणि परत आत जायचीस. त्या बायका दोन-दोन महिने आपल्या घराकडे फिरकायच्या नाहीत.

तुझं ते सेक्शन तुला आवडायचं, हे मात्र मला कधी पचलं नाही. मी एकदाच तुला न्यायला गेटपर्यंत आले होते. आत जाताना लोखंडाचा, सोन्याचा, पत्र्याचा तुकडा अंगावर चालत नाही, ठिणगी पडली तर सगळंच संपलं, हे मला तेव्हा कळलं. बांगड्या नाहीत, आकडे नाहीत, पिना नाहीत, साधे सुती कपडे बंदांनी बांधलेले. सगळ्या बायकांची मंगळसूत्रं गेटजवळच्या खोलीत खुंट्यांना लटकलेली. तू म्हणायचीस, पुण्यातली ही एकच जागा आहे वहिनी, जिथे बाईला बघताना कुणी आधी गळा बघत नाही. तुझा मुद्दा बरोबर होता. पण त्यासाठी बाईने दारूच्या ढिगात जाऊन बसायचं का, या माझ्या प्रश्नाला तू कधी उत्तर दिलं नाहीस.

आणि ते दूध. सरकार तुम्हाला रोज पेलाभर दूध द्यायचं, तिथल्या तिथे प्यायला. तू ते काचेच्या बरणीत भरून घरी आणायचीस, आमच्या प्रज्ञासाठी. पोरगी आत्याच्या बरणीची वाट बघत दारात बसायची. मला वाटायचं, मोठी नोकरी आहे, सरकार दूधही देतं. मी सासरचं कौतुक माहेरी सांगायचे. ते दूध विषावर उतारा म्हणून होतं, हे मला तुझ्या सेक्शनमधल्या कमलमावशींनी तू गेलीस त्या दिवशी सांगितलं, तुला शेवटची साडी नेसवताना. उतारा खरा होता की नुसती समजूत, देव जाणे. पण तू मला सांगितलं असतंस तर बरणी तुझ्या तोंडाला लावून, नाक दाबून पाजलं असतं. माझ्या पोरीची हाडं तुझ्या वाट्याच्या दुधाची आहेत, ताई. याबद्दल तुझे आभार मानू की तुला दोन लगावू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग कारगिल आलं.

आपण वसाहत सोडून नुकते कर्वेनगरात राहायला आलो होतो. तुला मावशीच्या मिलिंदचं स्थळ मी आणलं होतं, तुझी नोकरी सरकारी एवढंच तिला सांगून. वय दोघांचंही उलटलेलं. मिलिंद बहिणींची लग्नं करत बसला होता आणि तू कशात बसली होतीस ते सांगायलाच नको. बँक सोडून तो कॉम्प्युटरच्या कंपनीत गेला होता. सन दोन हजार उजाडताच जगातले कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून तेव्हा सगळे धावत होते ना, तसलं त्याचं काम. त्याला अमेरिकेला जायचं होतं, लग्न करून, बायकोला घेऊन. तो भला माणूस होता. तुला आवडला होता. खोटं बोलू नकोस, तू त्या दिवशी दोनदा केस विंचरलेस. नोकरी सोडायलाही तू तयार झाली होतीस, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात वर डोंगरात तोफा सुरू झाल्या आणि खाली तुमच्या सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. रविवार बंद. एका पाळीला जोडून दुसरी. घरी बसलेल्या जुन्या माणसांनाही बोलावणी गेली. तू सकाळी अंधारात निघायचीस, दोन बस बदलून, आणि परत यायचीस तेव्हा तुझ्या डोळ्यांत बघवत नव्हतं. लग्न ठरल्या तारखेला होणार नाही, महिनाभर पुढे ढकला, एवढं तू सांगितलंस. मावशी म्हणाली, का, तिला काय बार्डरवर पाठवणार हायेत का? मिलिंदचा व्हिसा थांबणार नव्हता. मी तुझ्या पाया पडले, शब्दशः पडले. म्हटलं, ताई, एवढ्या बायका आहेत तिथे, एक नसली तर लढाई हरणार आहे का? तू जेवत होतीस. भाकरीचा घास मोडून तसाच हातात धरलास आणि म्हणालीस, "हरणार नाही गं. पण बाकी कुणी उठलेली नाही बाकावरून. मी कशी उठू?"

मिलिंदने पुढच्याच महिन्यात दुसरीशी लग्न केलं. तू त्या दिवशीही ड्यूटीवर होतीस. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही, आणि मी दोन वर्षं माहेरी गेले नाही, ते तुझ्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

आणि याच महिन्यात आपल्या सोसायटीचा देश जागा झाला होता. टीव्हीवर पहिल्यांदाच लढाई घरात दिसत होती आणि सगळ्यांना काहीतरी करावंसं वाटत होतं. त्यात वाईट काहीच नाही, मलाही वाटत होतं. रक्तदानाला मी गेले, रक्त दिलं. पण मग सुरू झाला तो सोहळा. जवानांसाठी लोकरीच्या टोप्या विणायची टूम निघाली. बेसनाचे लाडू वळायची टूम निघाली. सगळ्या इमारतींतल्या बायकांनी तीन दिवस लाडू वळले, छान खोक्यांत भरले, वर तिरंगी कागद लावला, आणि मग प्रश्न पडला की हे पाठवायचं कुठे. वर बसलेल्या जवानाचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. खोकी वॉचमनच्या केबिनमध्ये राहिली. वॉचमनने ते लाडू महिनाभर खाल्ले आणि त्याला मधुमेह निघाला. मिलिंदच्या कंपनीतल्या सगळ्यांनी एक दिवसाचा पगार दिला, त्याचा पेपरात मोठा फोटो आला, मधोमध मिलिंद झेंडा धरून. त्यानंतर तो विमानात बसला.

एका दुपारी चेअरमनसाहेब दारात आले. मेणबत्त्यांची फेरी निघणार होती, घरटी एक माणूस हवं होतं. तू आत झोपली होतीस, दोन पाळ्या सलग करून, चप्पलसुद्धा न काढता. मी म्हटलं, ताई ड्यूटीवरून आत्ताच आल्यात. ते म्हणाले, "वहिनी, देशासाठी एक तास तरी काढायला हवा माणसाने." ताई, माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं आलं होतं. पण तू मला बजावून ठेवलं होतंस की इथल्या कुणाला सांगायचं नाही, सरकारी नोकरी म्हणायचं, बस. म्हणून मी मेणबत्ती घेतली आणि त्यांच्या फेरीत गेले. चौकात उभं राहून देशभक्तीची गाणी म्हटली. मेण हातावर पडलं, त्याचीसुद्धा फुंकर घालून कौतुकं झाली.

लढाई संपली. पेढे वाटले. आणि तुला कावीळ झाली. सगळे म्हणाले, बाहेरचं खाल्लं असेल. लोणीहून मी काविळीचं झाडपाल्याचं औषध मागवलं, तू प्यालीस, बरी झालीस आणि परत जाऊन बसलीस बाकावर. पुढच्या वर्षी पुन्हा झाली. तुमचे डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. नवीन माणसांची भरती बंद झाली होती, जी होती तीच दुप्पट काम करत होती, मध्येच कंत्राटावरच्या मुली आल्या, मग त्याही गेल्या. कारखान्याची कंपनी होणार अशा बातम्या दर दिवाळीला यायच्या. त्या काळात अख्खं शहर हिंजवडीकडे तोंड करून उभं होतं. तिकडे काचेच्या इमारती, एसी बसा, जेवणाच्या जागी कारंजी. इकडे तुम्ही. पण कुठे काही धुमसायला लागलं की लोकांना तुमची आठवण यायची. लग्नात आचाऱ्याची येते, तशी.

गेल्या वर्षी तुझं पोट फुगायला लागलं. हॉस्पिटलात तो तरुण डॉक्टर, चांगला मुलगा, घाईत होता एवढंच. त्याने रिपोर्ट पाहिले आणि दादांना विचारलं, "यांचा दारूशी संबंध?" आणि माझा नवरा, ज्याने जन्मात बियरचा ग्लास जवळून पाहिला नसेल, छाती पुढे काढून म्हणाला, "हो डॉक्टर. वीस-बावीस वर्षं दारूत आहे ती. आमचे वडीलसुद्धा दारूतच होते." डॉक्टरने मान हलवली आणि लिहून टाकलं. घराणंच तसलं म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं!

मी मध्ये पडले. म्हटलं, अहो डॉक्टर, प्यायची नाही, भरायची दारू, तोफेच्या गोळ्यात. त्याने पेन थांबवलं. पहिल्यांदाच तुझ्याकडे नीट पाहिलं, तुझे हात पाहिले, आणि तुला विचारलं, "कुठलं केमिकल होतं?"

तू म्हणालीस, "ते सांगता येत नाही."

"नाव माहीत नाही का?"

"माहीत आहे. सांगता येत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पेशंट काय काय गोष्टी रचतात हे त्याला रोज दिसत असणार. लिहिलेलं त्याने तसंच ठेवलं. रिक्षात मी रडत तुला विचारलं, डॉक्टर काय शत्रू आहे का? तुम्ही सही केलीत तेव्हा तुम्हाला विष घेऊन मरायचं हेही त्यात लिहिलं होतं का? तू शांतपणे म्हणालीस, नोकरीला लागताना शपथ घेतली, आत काय भरतो ते बाहेर बोलायचं नाही, कुणाशीही नाही. मी म्हटलं, कुणाशीही म्हणजे डॉक्टर नाही. तू म्हणालीस, ते ठरवायचं काम माझं नाही. ताई, त्या क्षणी मला तुझा जो राग आला तसा मला कुणाचाच आला नाही. मावशीचाही नाही. चेअरमनचाही नाही. त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

प्रज्ञाने शेवटी काय केलं तेही तुला ठाऊक आहे. हिंजवडीतल्या कंपनीत दुपारच्या जेवणाला बसली असताना तिने कॉम्प्युटरवर टाकलं, पिवळी पूड, पिवळे हात, कडू चव, कावीळ. एका मिनिटात नाव समोर आलं. सगळ्या जगाला ठाऊक असलेलं नाव, शाळेच्या पुस्तकात असलेलं, सिनेमात पोरंटोरं ओरडतात ते. शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्या देशांतल्या बायकाही अशाच पिवळ्या पडल्या होत्या, तेही तिथे होतं. ती कंपनीच्या बसमधून उतरून तशीच तुझ्याकडे आली, कागद तुझ्या पांघरुणावर ठेवला. "आत्या, सगळे सिम्प्टम्स मॅच होतायत. तू काही बोलू नकोस. फक्त मान हलव, डॉक्टरांशी मी बोलते."

तुझे डोळे तोवर हळदीसारखे झाले होते. तू कागदाकडे पाहिलंस. मग त्याची घडी घातलीस, नीट, काठाला काठ जुळवून, आणि तिच्या पर्समध्ये परत ठेवलीस. "मी काही वाचलेलं नाही," म्हणालीस. "आणि तूही वाचलेलं नाहीस."

पोरगी जिन्यात जाऊन ढसाढसा रडली. तुझ्या दुधावर वाढलेली पोरगी. तिला तू एक मान हलवून दिली नाहीस.

तू गेल्यावर मी डॉक्टरकडे गेले. म्हटलं, जे झालं ते झालं, तेवढा तो शब्द बदला. तो खरंच हळहळला, पण म्हणाला, कारखान्याकडून काहीतरी लेखी आणा, माझ्या मनाने कसं लिहू? कारखान्याच्या गेटवर गेले. साहेब बाहेर आले, खुर्ची दिली, तुझं नाव घेऊन हात जोडले. म्हणाले, बाई फार निष्ठेची होती, पण कुठल्या सेक्शनला काय भरलं जातं हे लेखी देता येत नाही, वरून परवानगी लागते आणि ती येत नसते. म्हणजे असं झालं बघ. खरं काय ते सरकार सांगणार नाही, आणि खोटं काय ते आधीच लिहून झालंय. तुला कशाने मारलं हे गुपित आहे. तू दारुडी होतीस हे मात्र जाहीर.

आता कालचं.

सोसायटीचा हॉल भरला होता. पांढरे कपडे, तुझा फोटो, मेणबत्त्या. पुढे नातेवाईक, मागे तुझ्या सेक्शनच्या बायका, एकीला लागून एक, अंग चोरून बसलेल्या. भन्तेजींनी पंचशील दिलं, आम्ही मागोमाग म्हटलं. पाचवं शील आलं, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, तेव्हा दुसऱ्या रांगेत कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं. मी पाहिलं. मग चेअरमनसाहेब बोलायला उठले. रत्नमालाताई साध्या होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुर्बलता कुणात नसते, आपण त्यांचं चांगलं तेवढं आठवू या.

मी उठले. बोलायचं काही ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, "चेअरमनसाहेबांचं बरोबर आहे. माझी नणंद दारूनेच गेली." दादांनी माझा पदर ओढला, मी तो सोडवून घेतला. म्हटलं, "ती प्यायची नाही. भरायची. तुम्ही खाली लाडू वळत होतात तेव्हा ती तोफेच्या गोळ्यात भरत होती. तुम्ही दारात येऊन देशासाठी एक तास मागितलात तेव्हा ती आत झोपली होती, आणि तिने तिचं लग्न देऊन झालं होतं, लिव्हर द्यायला घेतलं होतं."

मागून कमलमावशींचा आवाज आला, दबका. "अगं गप. गप बस बाई, पुढचं बोलू नको."

मी पुढचं बोलले. ज्या नावापायी तू डॉक्टरपुढे तोंड मिटलंस ते बोलले. टीएनटी. तीन अक्षरं. तुझ्या फोटोसमोर उभी राहून मोठ्याने बोलले, आणि म्हटलं, ज्याला सरकारला कळवायचं असेल त्याने खुशाल कळवावं, माझा फ्लॅट नंबर चेअरमनसाहेबांकडे आहे. मावशी जमिनीकडे बघत होती. चेअरमनसाहेब खाली बसले, आधी खुर्ची मागे आहे की नाही हे न बघता.

सगळे गेल्यावर कमलमावशी माझ्याजवळ आल्या. रागावल्या होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही थांबत नव्हतं. म्हणाल्या, "तिनं जन्मभर सांभाळलं आणि तू चार माणसांत सांडलंस. आम्ही सह्या केल्यात गं बाई."

तूही हेच म्हणणार, मला माहीत आहे. तेव्हा ऐकून ठेव, रत्नाताई. सही तू केली होतीस. मी नाही.